गोचीड चावली, ताप आला. रक्तात शोधायचं काय?

ज्यांच्याकडं रेंज नसते किंवा कानाला लावून ऐकायला सवड नसते, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलण्यातले अडखळे काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

विषय एका श्रोत्याच्या प्रश्नावरून घेतला. पाटोद्याकडचे आहेत. त्यांनी विचारलं होतं, "बैलाच्या गोचिडी काढत होतो, दोन दिवसांनी माझ्याच काखेत एक सापडली. आठवड्यानं ताप आला. मलेरिया नाही, डेंगी नाही, विडाल पॉझिटिव्ह म्हणाले. गोचिडीच्या तापाची वेगळी टेस्ट असते का? असली तर आधीच का नाही केली?"

प्रश्नाचा दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचं उत्तर मशीनमध्ये नाही, कॅलेंडरमध्ये आहे. ते कसं, हेच आज सांगायचंय. मी बीड जिल्ह्यातच रक्ततपासणीचं काम करतो. डॉक्टर नाही, त्यामुळे कुणी किती गोळ्या घ्याव्यात हे मी सांगणार नाही. पण रक्त ट्यूबमध्ये आल्यापासून कागदावर आकडा उमटेपर्यंत काय होतं, आणि तो आकडा किती खरा मानायचा, हे सांगू शकतो.

आधी एक घोळ मिटवू. आपल्याकडं 'गोचीडताप' हा शब्द जनावरांसाठी वापरतात. आष्टी-कड्याकडं दुधाचा धंदा करणाऱ्या कुणालाही विचारा. संकरित गाय एकदम चारा सोडते, अंग तापतं, खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी सुजते, दूध आटतं. तो बहुतेक वेळा थायलेरिया. लघवी कॉफीसारखी तांबडी झाली तर बॅबेसिया. जनावरांचे डॉक्टर कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त काचेवर घेतात, जिम्साचा रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि तांबड्या पेशीच्या आत बसलेला जंतू डोळ्यांनी दिसतो. थायलेरियात सुजलेल्या गाठीत सुई घालून तिथला नमुनाही बघतात. काम सोपं, स्वस्त आणि त्याच दिवशी होणारं. म्हणून लोकांना वाटतं, गायीचं कळतं मग माणसाचं का नाही?

तर पहिलं म्हणजे गायीचा थायलेरिया माणसाला होत नाही. तिच्या अंगावरच्या गोचिडीनं ती आजारी पडली म्हणून तुम्हाला तोच आजार होईल असं नाही. आणि दुसरं, माणसाला आपल्या भागात गोचिडीमुळे जो ताप येऊ शकतो, त्याचा जंतू असा काचेवर सहज दिसत नाही. त्याचं नाव रिकेट्सिया. त्यातला रिकेट्सिया कोनोराय हा आपल्याकडचा मुख्य मानला जातो, आणि त्या तापाला वैद्यकाच्या पुस्तकात 'इंडियन टिक टायफस' असं नाव आहे. नावात टायफस आहे, टायफॉइड नव्हे. हे दोन शब्द इतके सारखे आहेत की रुग्ण सोडाच, फाइलवर लिहिणाऱ्याचाही गोंधळ होतो. हा रिकेट्सिया पसरवण्यात कुत्र्याच्या अंगावरची तपकिरी गोचीड पुढं असते. म्हणजे गोठ्याकडं बघताना ओसरीवर झोपणाऱ्या कुत्र्याला विसरू नका.

हा जंतू राहतो कुठं, हे कळलं की पुढचं सगळं कळतं. मलेरियाचा जंतू रक्ताच्या पेशीत असतो, म्हणून बोटातून थेंब काढला की सापडतो. रिकेट्सिया रक्तात मोकळा फारसा फिरत नाही. रक्तवाहिनीला आतून जे पातळ अस्तर असतं, त्याच्या पेशींत तो घर करतो. आपण सुईनं काढतो ते रक्त नळातलं पाणी समजा, आणि जंतू नळाच्या आतल्या भिंतीला चिकटलेला. पाणी तपासून भिंतीवर काय आहे ते कळायला मर्यादा येणारच. पण भिंत खराब झाली की नळ पाझरतो. म्हणून अंगावर पुरळ येतं, हातापायांवर, डोळ्यांभोवती सूज येते, प्लेटलेट उतरतात, सोडियम कमी होतं, यकृताचे एसजीपीटीसारखे आकडे वाढतात. आता ही यादी डेंगीच्या रुग्णाच्या शेजारी ठेवून बघा. निम्म्याहून जास्त जुळते. गोंधळ तिथूनच सुरू होतो.

आमच्याकडं येणारी एक नमुनेदार फाइल कशी असते ते सांगतो. कुणा एकाची नाही, अशा अनेक फाइली मिळून झालेली. दिवस तिसरा: सीबीसी, मलेरियाचं कार्ड निगेटिव्ह, डेंगीचं एनएस-१ निगेटिव्ह, विडाल पॉझिटिव्ह. दिवस चौथा: 'टायफॉइड आहे' म्हणून सलाईन आणि सेफ्ट्रिअॅक्सोन. दिवस सहावा: ताप तसाच, प्लेटलेट दीड लाखावरून सत्तर हजारांवर. पुन्हा डेंगी, पुन्हा निगेटिव्ह. दिवस सातवा: मनगटावर, घोट्यावर लालसर ठिपके, घरच्यांना वाटतं औषधाची अॅलर्जी. दिवस आठवा: 'बीडला न्या', नाहीतर 'अंबाजोगाईला न्या', नाहीतर सरळ 'संभाजीनगरला न्या'. या फाइलीत आठ-दहा रिपोर्ट असतात, हजारो रुपये गेलेले असतात आणि गोचीड हा शब्द कुठंही लिहिलेला नसतो.

यात विडालनं मोठा घात केलेला असतो. विडाल ही १८९६ सालची चाचणी. टायफॉइडच्या जंतूविरुद्ध अंगात तयार झालेली प्रतिपिंडं ती मोजते. पण आपल्या भागात टायफॉइड होऊन गेलेली माणसं भरपूर, त्यामुळे कित्येकांच्या रक्तात थोडी प्रतिपिंडं आधीपासूनच असतात. दुसऱ्याच एखाद्या तापातही आकडा वर सरकतो. एकट्या विडालवर टायफॉइडचा शिक्का मारणं म्हणजे गावात धूर दिसला की अमक्याच्याच घरी चूल पेटली म्हणण्यासारखं आहे. आणि टायफॉइडवर चालणारं सेफ्ट्रिअॅक्सोन रिकेट्सियावर चालत नाही. पेनिसिलिनच्या जातीची औषधंही नाहीत. चालतं ते डॉक्सीसायक्लिन, जे स्वस्त आहे आणि साध्या औषध दुकानातही असतं. ते वेळेवर सुरू झालं तर ताप साधारण दोन दिवसांत उतरायला लागतो. उशीर झाला तर मेंदू, फुप्फुसं, मूत्रपिंडं यांच्यापर्यंत प्रकरण जातं आणि माणूस दगावू शकतो. म्हणजे एवढ्या स्वस्त औषधाच्या आजारात माणूस जातो तो बहुतेक वेळा कुणाच्या मनातच आलं नाही म्हणून.

आता खुद्द चाचण्यांकडं येऊ.

छोट्या लॅबमध्ये सगळ्यात सहज होते ती वील-फेलिक्स. हिची गोष्ट मजेदार आहे. पहिल्या महायुद्धात पूर्व युरोपात सैन्यात टायफसची साथ होती. एडमंड वील आणि आर्थर फेलिक्स या दोघांना रुग्णाच्या लघवीत प्रोटियस नावाचा एक साधा जंतू सापडला. टायफसशी त्याचा काही संबंध नव्हता. पण टायफसच्या रुग्णाच्या रक्तातलं पाणी, म्हणजे सीरम, त्या जंतूवर टाकलं की जंतूंच्या गुठळ्या व्हायच्या. १९१६ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. कारण पुढं उलगडलं: रिकेट्सियाच्या अंगावरची काही खूण प्रोटियसच्या काही वाणांसारखीच असते. शरीर रिकेट्सियाविरुद्ध हत्यार बनवतं आणि ते चुकून प्रोटियसलाही लागतं. म्हणजे ही चाचणी चोराला पकडत नाही, चोरासारखा सदरा घातलेल्याला पकडते.

तिच्यात तीन वाण वापरतात: ओएक्स-१९, ओएक्स-२ आणि ओएक्स-के. गोचिडीच्या पुरळवाल्या तापात ओएक्स-१९ आणि ओएक्स-२ वर जातात. ओएक्स-के एकटंच वर गेलं तर संशय स्क्रब टायफसकडं. इथं एक गोष्ट लक्षात ठेवा, स्क्रब टायफस गोचिडीनं होत नाही. तो गवतातल्या अगदी बारीक माइटच्या पिल्लांमुळे होतो. २०१८ मध्ये नागपूर आणि विदर्भात त्याची बरीच चर्चा झाली. औषध जवळपास तेच, पण जंतू वेगळा, चाचणी वेगळी. स्क्रबचं कार्ड निगेटिव्ह आलं म्हणून गोचिडीचा ताप नाही, असं होत नाही. ही चूक बरेचदा दिसते. 'रिकेट्सिया तपासलं, निगेटिव्ह आहे' असं सांगतात आणि केलेली असते फक्त स्क्रबची चाचणी.

वील-फेलिक्सचा रिपोर्ट १:८०, १:१६०, १:३२० असा येतो. याचा अर्थ सीरम इतक्या पट पातळ केलं तरी गुठळी झाली. जितकं पातळ करूनही होते, तितकी प्रतिपिंडं जास्त. पण १:८० म्हणजे आजार आणि १:४० म्हणजे नाही, अशी पक्की रेघ कुठंच नाही. त्या भागातल्या निरोगी माणसांचं रक्त साधारण किती आकडा दाखवतं यावर ते ठरतं. शिवाय ही चाचणी कित्येक खरे रुग्ण सोडते, आणि प्रोटियसमुळे लघवीचा संसर्ग झाला असेल तर भलत्यालाच धरते. तरीही मी तिला टाकाऊ म्हणणार नाही. जिथं दुसरं काहीच होत नाही तिथं जुळणारी लक्षणं आणि वर चढलेलं ओएक्स-२ एकत्र दिसलं तर डॉक्टरला ढकलायला तेवढं पुरतं. निगेटिव्ह आली तर मात्र तिच्या शब्दाला किंमत देऊ नका.

त्याच्या वरची पायरी म्हणजे आयजीएम एलायझा. यात थेट रिकेट्सियाचे अंश वापरलेले असतात, म्हणून विश्वास जास्त. पण तीसुद्धा प्रतिपिंडंच शोधते, जंतू नाही. आणि इथं ते कॅलेंडर येतं. जंतू अंगात शिरला की शरीर लगेच प्रतिपिंडं बनवत नाही. ताप सुरू झाल्यावर पहिला आठवडा सरत येतो, तेव्हा कुठं आयजीएम मोजण्याइतकं होतं. तिसऱ्या दिवशी रक्त दिलं तर चाचणी उत्तम, मशीन उत्तम, काम करणारा हुशार, आणि तरीही रिपोर्ट निगेटिव्ह. खोटा नाही बरं का तो. त्या दिवशी रक्तात प्रतिपिंडं नव्हतीच. चाचणीनं खरं सांगितलं, आपण प्रश्न चुकीच्या दिवशी विचारला. पेरणीनंतर तिसऱ्या दिवशी रानात जाऊन 'उगवलंच नाही' म्हणून कुणी पेरा मोडत नाही, पण रिपोर्टच्या बाबतीत आपण तेच करतो.

पाटोद्याच्या दादांना 'आधीच का नाही केली' याचं उत्तर हे आहे. तिसऱ्या दिवशी केली असती तर बहुधा निगेटिव्ह आली असती, आणि मग त्या निगेटिव्हवर विसंबून सगळ्यांनी गोचिडीचा विचार सोडून दिला असता. ते जास्त वाईट.

सगळ्यात प्रमाण मानतात ती आयएफए. काचेवर रिकेट्सिया असलेल्या पेशी, त्यावर रुग्णाचं सीरम, त्यावर चमकणारा रंग, आणि खास दिव्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली हिरवी चमक बघायची. दोनदा रक्त घ्यायचं: एकदा आजाराच्या सुरुवातीला, एकदा दोन ते चार आठवड्यांनी. आकडा चौपट किंवा जास्त वाढला, समजा १:६४ वरून १:२५६ झाला, तर निदान पक्कं. एकदाच मोजलेला आकडा जुन्या संसर्गाचाही असू शकतो. चढलेला आकडा आत्ताचाच. पण गंमत अशी की ही पक्की खात्री होईपर्यंत रुग्ण एकतर बरा होऊन कामाला लागलेला असतो, नाहीतर त्याचा तेरावा झालेला असतो. उपचारासाठी तिचा उपयोग नाही. उपयोग आहे तो आपल्या जिल्ह्यात हा आजार खरंच किती आहे हे कळण्यासाठी. पुढच्या वर्षी एखाद्या डॉक्टरच्या मनात हा विचार तिसऱ्या दिवशी यावा, तर या वर्षी कुणाचे तरी दोन नमुने तपासलेले असावे लागतात.

'मग पीसीआर करा की, कोरोनात केलं तसं,' असं कुणीतरी म्हणतंच. पीसीआर जंतूचा अंशच शोधतं, त्यामुळे पहिल्या आठवड्यात तेच कामाचं, हे खरं. पण मघाशी सांगितलेली नळाची गोष्ट आठवा. रक्तात जंतू कमी, म्हणून रक्ताचं पीसीआरही निगेटिव्ह येऊ शकतं. जिथं गोचीड चावली तिथं काळी खपली धरली असेल तर तिच्याखालचा नमुना, किंवा पुरळावरचा त्वचेचा बारीक तुकडा, हा रक्तापेक्षा चांगला. पण खपली प्रत्येकाला असतेच असं नाही, आणि काखेत, जांघेत, केसांत, कानामागं कुणी बघतही नाही. डॉक्सीसायक्लिन सुरू झाल्यावर पीसीआरची धार आणखी कमी होते. म्हणून नमुना आधी घ्यावा आणि औषध लगेच सुरू करावं. नमुन्यासाठी औषध थांबवू नये. जंतू वाढवून बघण्याची, म्हणजे कल्चरची, सोय साध्या लॅबमध्ये नसते, आणि नसलेलीच बरी. ज्यांच्या नावावरून रिकेट्सिया हा शब्द आला ते हॉवर्ड रिकेट्स १९१० मध्ये टायफसवर काम करताना टायफसनंच गेले. प्रोवाझेक नावाचे दुसरे संशोधक १९१५ मध्ये तसेच.

मग इतक्या लंगड्या चाचण्यांच्या जोरावर डॉक्टरनं ठरवायचं कसं? इथं आपल्या महाराष्ट्रातल्याच एका कामाचं नाव घ्यायला हवं. अकोल्याचे बालरोगतज्ज्ञ डॉ. नरेंद्र राठी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये 'इंडियन पेडियाट्रिक्स'मध्ये गुण देण्याची एक पद्धत मांडली. लहान मुलाला पुरळवाला गोचीडताप असेल का, हे ठरवायला त्यांनी महागडी चाचणी नाही वापरली. मूल खेड्यातलं आहे का, घरी जनावर आहे का, गोचीड दिसली किंवा चावली का, पुरळ तळहात-तळपायावर आहे का, सूज आहे का, आणि मग प्लेटलेट, सोडियम, अल्ब्युमिन, एसजीपीटी असे साधे आकडे. प्रत्येकाला गुण, गुणांची बेरीज. मला या पद्धतीचं कौतुक यासाठी वाटतं की यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट तालुक्याच्या गावात होते. निम्म्या गोष्टी तर नुसत्या विचारून कळतात. आयसीएमआरनं २०१५ मध्ये या आजारांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांचाही रोख हाच: संशय असेल तर रिपोर्टची वाट बघत उपचार अडवू नका. लहान मुलांना डॉक्सीसायक्लिन दिलं की दात पिवळे होतात ही भीती अजून आहे, पण या आजारात थोड्या दिवसांसाठी ते मुलांनाही देतात. गरोदर बाईसाठी डॉक्टर वेगळं औषध निवडतात. हे सगळं डॉक्टरनं ठरवायचं, दुकानातून स्वतः आणून खायचं नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण हा भाग ऐकून कुणीतरी तेच करेल अशी मला धास्ती आहे.

आणखी दोन आजारांची नावं पेपरात येतात, त्यांचं थोडक्यात. पहिला क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, कोकणात ज्याला माकडताप म्हणतात. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात माकडं पटापट मरायला लागली, तेव्हा पुण्याच्या संशोधकांनी त्याचा विषाणू शोधला. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गच्या दोडामार्ग तालुक्यात तो माणसांत आला. त्याची चाचणी वेगळीच: सुरुवातीला आरटी-पीसीआर, नंतर आयजीएम, आणि ठरावीक प्रयोगशाळांतच. तो आजार दमट जंगलाचा, बालाघाटच्या उघड्या माळाचा नाही. पण आपलं कुणी तिकडं काजूच्या बागेत कामाला जाऊन आलं असेल तर हे सांगायलाच हवं. दुसरा काँगो ताप. २०११ च्या जानेवारीत गुजरातेत तो भारतात पहिल्यांदा पक्का झाला, निदान पुण्याच्या एनआयव्हीनं केलं. त्यात रुग्णाबरोबर उपचार करणारे डॉक्टर आणि नर्सही गेले. त्याचा विषाणू जनावरांवरच्या ह्यालोमा जातीच्या गोचिडींतून येतो आणि रुग्णाच्या रक्तातूनही पसरतो. म्हणून जनावरांत वावर असलेला तापाचा रुग्ण हिरड्यांतून, नाकातून रक्तस्राव घेऊन आला तर लॅबला आधी फोन करून सांगा. ट्यूब नुसती पिशवीत घालून मोटारसायकलवरून पाठवू नका. आमच्या मुलांनीही हातमोजे नसतील तर अशा ट्यूबला हात लावू नये. आणि बैलाची गोचीड काढून नखावर नख दाबून चिरडायची आपली जी सवय आहे ना, ती सोडा. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा आणि साबणानं हात धुवा. रॉकेल लावणं, विडीचा चटका देणं, हेही नको.

आता एक वेगळाच प्रश्न. बीडच्याच एका ताईंनी विचारलंय, त्यांचा भाऊ अमेरिकेत असतो. तो म्हणतो, गोचीड चावली म्हणजे लाइम तपासून घे. इथं पॅकेजमध्ये मिळतं म्हणे. करू का?

लाइम हे अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या गावाचं नाव. तिथं तो आजार भरपूर आहे, त्याची गोचीड वेगळ्या जातीची. तिकडं आधी एक चाचणी आणि ती पॉझिटिव्ह आली तरच दुसरी, अशी दोन पायऱ्यांची पद्धत आहे. आता एक हिशोब करू, आकडे केवळ समजायला घेतलेले. समजा एक चाचणी १०० आजारी माणसांतल्या ९० जणांना पकडते, आणि १०० निरोगी माणसांतल्या ५ जणांना उगीच पॉझिटिव्ह दाखवते. जिथं तपासलेल्या १००० जणांत २०० खरे रुग्ण आहेत, तिथं १८० खरे पॉझिटिव्ह आणि ४० खोटे. पॉझिटिव्हवर विश्वास ठेवायला हरकत नाही. तीच चाचणी जिथं १००० जणांत कसाबसा १ रुग्ण असेल तिथं केली तर १ खरा आणि ५० खोटे. चाचणी तीच, किट तेच, गाव बदललं की रिपोर्टचा अर्थ बदलला. म्हणून ताई, ताप नाही, लक्षणं नाहीत, तर नुसतं गोचीड चावली म्हणून इथं लाइम तपासू नका. पैसे जातील ते जातील, वर 'पॉझिटिव्ह' लिहिलेला कागद घेऊन वर्षभर डॉक्टर फिरत बसाल. त्यापेक्षा चावल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा आणि दोन आठवडे ताप, पुरळ, डोकेदुखी यांवर लक्ष ठेवा. काढलेली गोचीड तपासायला द्यायचीही गरज नाही.

लॅबमध्ये येताना मात्र काही गोष्टी सांगा, कारण आमच्या फॉर्मवर नाव, वय आणि 'ताप' एवढंच लिहून येतं. ताप कोणत्या तारखेला सुरू झाला, हे सगळ्यात आधी. 'आठवडाभर झाला' नको, तारीख. गोचीड, कुत्रा, गोठा, शेळ्या. कुठलं औषध सुरू आहे, त्यातही डॉक्सीसायक्लिन किंवा अॅझिथ्रोमायसिन. प्रतिपिंडांच्या चाचणीसाठी लाल किंवा पिवळ्या झाकणाची ट्यूब लागते, पीसीआरला जांभळ्या झाकणाची. दोन्ही एकदम घेऊन ठेवलेलं बरं, पुन्हा सुई नको. सीरम वेगळं करून थंड ठेवलं तर पुण्याला किंवा कुठंही पाठवता येतं. एप्रिलच्या उन्हात एसटीच्या टपावर गेलेल्या ट्यूबचा रिपोर्ट मात्र कुणी मागू नये.

शेवटी ऊसतोडीच्या लोकांबद्दल, कारण या विषयात मला सगळ्यात जास्त काळजी त्यांची वाटते. दसऱ्यानंतर आपल्या जिल्ह्यातून माणसं निघतात ती कोल्हापूर, सांगली, सोलापूर, बेळगावपर्यंत. फडाच्या कडेला कोपी, कोपीला लागून बैल, मध्ये झोपलेली पोरं, सोबत गावाकडून आलेलं कुत्रं. गोचिडीला यापेक्षा सोयीचं ठिकाण नाही. तिथं ताप आला तर आधी गोळी खाऊन कोयता हाणायचा, कारण खाडा झाला की पैसे कापतात. पाचव्या-सहाव्या दिवशी जवळच्या दवाखान्यात. तिथल्या डॉक्टरला हे माणूस कुठलं, कुठं झोपतं, काही माहीत नसतं. तिथं एक वाक्य न विचारता आपणहून सांगा: "आम्ही बैलांजवळ झोपतो, अंगावर गोचिडी सापडतात." मुकादमांपैकी कुणी हे वाचत असतील तर त्यांनीही टोळीला सांगावं. लेकराच्या तळहातावर ठिपके दिसले तर त्या दिवशीचा फड राहू द्यावा. सावळ्या कातडीवर पुरळ पटकन दिसत नाही, तळवे उजेडात धरून बघावे लागतात.

आणि दुसऱ्या नमुन्याचं काय? पहिलं रक्त सांगलीत दिलं, दोन-तीन आठवड्यांनी टोळी कर्नाटकात. यावर एक उपाय आहे. पहिल्या वेळच्या लॅबला सांगायचं की उरलेलं सीरम टाकू नका, गोठवून ठेवा. नंतर जिथं असाल तिथं रक्त द्यायचं आणि त्याचं सीरम पहिल्या लॅबकडं पाठवायला सांगायचं. दोन्ही नमुने एकाच जागी, एकाच दिवशी, एकाच किटवर शेजारी शेजारी लावले तरच चौपट वाढ खरी कळते. दोन लॅबचे दोन आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत. त्यासाठी पहिल्या लॅबच्या पावतीवरचा नमुना क्रमांक जपायचा. पावती पावसात, घामात विरते, म्हणून मोबाइलमध्ये तिचा फोटो काढून ठेवा, तारखेसकट.